एक दिवस पुढची तारीख

ती गेल्याचं कळलं, त्या दिवशी माझ्यावर चार तारीख होती. सकाळच्या टपालात प्राध्यापकांचं पत्र आलं. नोंदकाकांनी ते वाचलं आणि मला शाईच्या गादीवर टेकवलं. पण कागदावर उमटवायला त्यांना इतका वेळ लागला की शाई वाळली. मला पुन्हा टेकवावं लागलं.

मित्रांनो, मी तारखेचा शिक्का. माझी मूठ लाकडाची, चौकट पितळेची. आत रबराच्या तीन पट्ट्या आहेत, दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची. त्या फिरवायला बाजूला बारीक दातेरी चाकं आहेत. वर एकच शब्द कोरलेला, 'पोहोचले'. मला घडवणाऱ्या कारागिराने कागदावर मला उमटवून पाहिलं आणि म्हणाला, "शिक्का खोटं बोलत नाही. बोललाच तर फिरवणारा बोलतो."

शांततेसाठी दरवर्षी एक मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक देणाऱ्या कार्यालयात माझी नेमणूक झाली. तुम्ही टीव्हीवर बघता तो दिव्यांचा झगमगाट आणि टाळ्या. मी पाहिली ती तळमजल्यावरची आवकखोली. तिथे एक टेबल, एक वही आणि खिडकीशी पाण्याचा माठ.

इथे कुणाला स्वतःचं नाव सुचवता येत नाही. घरच्यांनाही नाही. खासदार, विद्यापीठातले प्राध्यापक, पूर्वी पारितोषिक मिळालेले, अशा ठरावीक लोकांनीच पत्र पाठवायचं. पहिल्या महिन्याच्या एकतीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत ते पोहोचलं पाहिजे. पुढच्या महिन्याची एक तारीख पडली की ते पत्र पुढच्या वर्षाच्या कपाटात. मग संसदेने निवडलेले पाच सभासद बसतात. शेकडो नावांची वीस होतात, विसांची तीन. जाणकार अहवाल लिहितात आणि पावसाळा सरल्यावर मतं पडतात. पारितोषिक जिवंत माणसालाच मिळतं. आणि कुणाचं नाव आलं होतं, कुणाचं गळलं, ते पन्नास वर्षं बाहेर सांगायचं नाही.

नोंदकाकांनी मला तीसहून अधिक वर्षं हातात धरलं. ते नेमके होते, भिडस्त होते. त्यांच्या आवकवहीत एकही खाडाखोड नव्हती. सचिवबाई पाहुण्यांना ती वही उघडून दाखवत आणि काकांचे कान लाल होत. मलाही वाटायचं, आपल्यामुळेच हे सगळं नीट चाललंय.

काकांना एक सवय होती. पाच वाजले की ते मला दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर फिरवून ठेवत. शिपाई हसायचा. "काका, तुमच्याकडे सूर्य संध्याकाळीच उगवतो बघा!"

"सकाळी थंडीने बोटं वळत नाहीत रे. आत्ताच केलेलं बरं."

त्या वर्षीच्या एकतीस तारखेलाही काकांच्या हाताने पाच वाजता तेच केलं. सहापर्यंत दार उघडं ठेवायचं होतं, पण हाताला ते कुठे माहीत?

सव्वापाचला एक नावाडी आत आला. साठीचा, अंगात ओलसर कोट. कोटाच्या आतून त्याने लिफाफा काढला.

"टपालावर भरवसा नाही, साहेब. म्हणून स्वतःच आलो. दोन दिवस लागले."

त्याची बायको सुईण होती. नदीच्या दोन्ही काठांवर बंदुका होत्या आणि दोन्ही काठांवर बायका बाळंत होत होत्या. हा नाव वल्हवायचा आणि ती कंदील धरून उभी राहायची. कंदील दिसला की गोळीबार थांबायचा. पुढे तिने दोन्हीकडच्या लोकांना बसवून आठवड्यातला एक बाजाराचा दिवस बिनगोळीचा ठरवून घेतला. तो बारा वर्षं पाळला गेला. पत्रावर सही करू शकेल असा माणूस शोधायला नावाड्याची आठ वर्षं गेली. शेवटी एका प्राध्यापकांनी सही केली.

"आमच्या हिला माहीत नाही हं," तो म्हणाला. "कळलं तर म्हणेल, तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का!"

काका हसले. त्यांनी मला पत्रावर उमटवलं, मग पोचपावतीवर आणि वहीतल्या नोंदीपुढेही. नावाडी पावती खिशात घालून गेला. नंतर काकांनी वही मिटता मिटता पाहिलं. माझ्यावर एकतीस नव्हे, एक तारीख होती.

काकांनी वही काखेत घेतली, मला खिशात टाकलं आणि ते जिना चढले. सचिवबाईंच्या दारात उभे राहिले. फक्त सांगायचं होतं. चूक दुरुस्त करायचा अधिकार बाईंना होता. ते नाही जमलं, तरी पहिल्या बैठकीत सभासदांना स्वतःहून नाव घालता यायचं. आत पाहुणे होते. बाई म्हणत होत्या, "आमचे काका म्हणजे काय! एकतीस वर्षांत वहीत एक रेघ खोडलेली नाही."

काकांचा वर आलेला हात दारावर वाजलाच नाही. जिना उतरताना ते पुटपुटले, "नाव कुठे पळून जातंय? पुढच्या वर्षी आहेच."

नाव पळून गेलं नाही, मित्रांनो. पुढच्या वर्षी ते विसांत आलं, मग तिघांत. अहवाल वर जाताना काका त्यावरून हात फिरवत. मतं नऊ तारखेला पडणार होती. चार तारखेला प्राध्यापकांचं ते पत्र आलं. पलीकडच्या काठावरून परतताना ती नावेतच गेली. ताप होता, तरी बाळंतपणाला गेली होती. सचिवबाईंनी नियमाप्रमाणे तिचं नाव काढलं. आदल्या वर्षी तिलाच मिळालं असतं, असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षी ती जिवंत होती.

महिनाभराने नावाडी आला. तोच कोट. त्याने खिशातून पावती काढून टेबलावर ठेवली. घडीवर ती विरली होती.

"घरी गेलो तर हिने ही पावती पकडली. म्हणाली, अहो, ही तर उद्याची तारीख! उद्याचं काम आज करून आलात होय? इतकी हसली, इतकी हसली, की पोट धरून खाली बसली." तो थांबला. "मी म्हटलं, मोठं ऑफिस आहे, त्यांचं काहीतरी बरोबरच असेल."

काकांनी पावतीची घडी बोटाने सरळ केली.

"एवढंच सांगा साहेब. तिचं नाव होतं का आत? मिळालं नाही ते जाऊ द्या. होतं का?"

"सांगता येत नाही, दादा. नियम आहे. पन्नास वर्षं."

"पन्नास वर्षांनी मी कुठे असणार?"

काकांनी त्याला माठातलं पाणी दिलं. तो ते प्याला, पेला पालथा घातला, पावतीची घडी केली आणि गेला. काका खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले. मी टेबलावर होतो. माझ्यावर त्या दिवशीची तारीख बरोबर होती. तिचा काय उपयोग?

नंतर नावं कॉम्प्युटरवर येऊ लागली. तारीख आपोआप पडते. काका निवृत्त झाले आणि मी खणात आलो. माझी रबरं तडकली आहेत, चाकं गंजून अडकली आहेत. कुणी मला स्वच्छ करावं, असं आता मला वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या हातात कधी कुणाचा कागद आला, तर आधी त्या माणसाकडे बघा. आणि चूक झाली, तर दारापर्यंत जाऊन परत फिरू नका. दार वाजवा.

काकांनी खुलासा लिहायला घेतलेला कागद याच खणात माझ्याखाली आहे. त्यावर वर तारीख आहे, मीच उमटवलेली. खाली एक अक्षरही नाही. वहीत तिच्या नावापुढचा शेऱ्याचा रकानाही कोराच आहे.