पीतांबरबाबांचं पिवळं फडकं

पाटणा सिटीतल्या त्या गल्लीत त्या सकाळी एवढी गर्दी, की गुरबचन कौरना स्वतःच्या लाँड्रीचं दार उघडता येईना. देवीचं चांदीचं छत्र परवा चोरीला गेलं होतं आणि चोर ओळखायला पीतांबरबाबा आले होते. पोलिसात जायला मात्र कुणाला फुरसत झाली नव्हती.

"हे साधं फडकं नाही, मैयाचं काळीज आहे!" ओलं पिवळं फडकं पसरत बाबा गरजले. "चोराचा अंगठा टेकला, की रक्त उमटेल!"

पुजारी मिश्राजींनी अंगठा दाबला. काही नाही. जैन धान्यवाले पारसमलशेठ, मिशनच्या दवाखान्यातला पीटर मुर्मू, सगळे निर्दोष. मग बाबांनी देवळाच्या दारातल्या पानवाल्या नईममियाँना पुढे ओढलं. अंगठा टेकला आणि लालभडक ठसा!

"जय मैया! फोडा याची टपरी!"

"हाकला गल्लीतून!"

कुणी टपरीची ताडपत्री ओढलीसुद्धा. त्या टपरीवर घरातली सहा पोटं होती.

"अल्लाची शप्पथ, भाभी, मी नाही हो घेतलं," गुरबचन कौरना बघून नईममियाँ रडकुंडीला आले.

गुरबचन कौरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं त्यांनी शहरातल्या यच्चयावत धर्मांचे हळदीचे डाग धुतले होते. डागांमध्ये त्यांना कधी फरक दिसला नव्हता. लाँड्रीचं दार कसंबसं ढकलून त्यांनी आतून धुण्याच्या साबणाची ओली वडी आणि एक लिंबू घेतलं आणि त्या गर्दीत घुसल्या.

"मिश्राजी, अंगठा आणा."

"माझा झाला की, बहनजी."

"परत विचारू मैयाला. पोटात पाप नाही ना?"

मिश्राजींचा अंगठा वडीवर घासून त्यांनी फडक्यावर टेकवला. लालभडक!

"म्हणजे अर्धं छत्र यांच्याकडे," पारसमलशेठ गंभीरपणे म्हणाले.

"फडकं बाटवलं!" बाबा किंचाळले.

"थांबा, शुद्ध करते." गुरबचन कौरनी दोन्ही ठशांवर लिंबू पिळलं. लाल जाऊन पुन्हा पिवळं. "घ्या, मैयानं दोघांनाही माफ केलं! अहो, हळदीत बुडवलंय हे. साबण लागला, चुना लागला, की हळद लाल होते. आंबट लागलं की पुन्हा पिवळी. घरी बायकांना विचारा, धुताना रोज बघतात. बाबांनी सकाळी नईमकडे दोन पानं खाल्ली, तेव्हाच त्याची बोटं हेरून ठेवली!"

सगळे बाबांकडे वळले. बाबा झोळी आवळून पळतच निघाले होते. पीटरनं त्यांना कोपऱ्यावर धरलं.

नईममियाँ नळाखाली अंगठा घासत होते. डाग केव्हाच निघाला होता, तरी घासत होते. ते बघून गुरबचन कौर गर्दीकडे वळल्या.

"देव ज्याचा त्यानं मानावा, माझी ना नाही. चोर पोलीस शोधतील. पण डोकं काय नुसतं टेकायलाच दिलंय? तीस वर्षं याच बोटांनी लावलेलं पान खाताय तुम्ही सगळे. त्या बोटांना चुना असतो, हे आज एकालाही आठवलं नाही?"