झाकणावरचा डबा

ज्या वर्षी कारखान्यातल्या दादांना मुलगी झाली, त्याच वर्षी मला तिथे आणले. मी एक जुना पोलादी बंब आहे. मित्रांनो, आता मी आवारात गंजत पडलो आहे, तरी कोणी पाना घेऊन जवळ आले की मी आतून थरथरतो.

तुटके पाइप, वायरींची साले, फाटके रेक्झिन असे टाकाऊ प्लास्टिक माझ्या पोटात भरत. त्यात क्लोरीन असतो. तसेच जाळले तर विषारी धूर होतो. म्हणून त्यात पाणी घालून, झाकण बोल्टांनी आवळून मला तापवत. दाबाखाली कोंडलेले पाणी भयंकर तापते आणि प्लास्टिकमधला क्लोरीन ओढून घेते. ते आंबट पाणी माझेच पोट कुरतडे. मला त्याची फार भीती वाटे.

दादा मला चालवत. त्यांची धाकटी बहीण प्लास्टिक निवडे. दादा तिला चिमणी म्हणत. आग बंद झाली की चिमणी जेवणाचा डबा माझ्या झाकणावर ठेवी. डबा आधी चटके देई. तो कोमट झाला म्हणजे मी निवलो, असे दोघे धरून चालत. सुरुवातीला दादा बाजूची तोटी उघडून उरलेली वाफही सोडत. पुढे तोटी घट्ट झाली आणि ते राहूनच गेले.

"दाबाचा काटा खोटं बोलेल, डबा नाही बोलणार," दादा म्हणत.

"डबा कुठला, तुझी भूक बोलते, दादा!" चिमणी चिडवी.

त्या दिवशी दादांच्या मुलीचा निकाल होता. चिमणी शाळेतून निकाल बघून उशिरा धावत आली, डबा ठेवला आणि हात धुवायला वळली. दाबाच्या काट्याची नळी गाळाने बुजली होती. काटा शून्यावर, दाब मात्र माझ्या पोटात तसाच. दादांनी येऊन डबा चाचपला. कोमट.

"निवला गं, चिमणे!" त्यांनी पाना लावला.

मला ओरडायचे होते. पण लोखंडाला कुठली वाचा?

"दादा, थांब! डबा आत्ताच ठेवलाय!"

बोल्ट फिरला होता. निकाल सांगायचा राहूनच गेला.

मित्रांनो, मी कोणाचा वैरी नव्हतो. सोयीची खूण वर्षानुवर्षे खरी ठरली, तरी आधी तोटी उघडून बघत जा.

मुलगी शाळेची शेवटची परीक्षा पास झाली त्या दिवशी, जेवणाआधी, दादा माझ्या वाफेने भाजून वारले.