शौनकची वेबसाइट आणि माझी चाकं

मित्रांनो, मी चाकांची खुर्ची आहे. जुनी आहे, डावं चाक कुरकुरतं आणि माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. का, ते सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. नळ्या वाकवून जोडल्या, त्यांवर निळं रेक्झिन ताणून बसवलं. तिथून मी चारकोपला रत्नप्रभाबाईंच्या दुकानात आले. आजारी माणसांना लागणाऱ्या खाटा, वॉकर आणि माझ्यासारख्या खुर्च्या बाई भाड्याने देतात. मी किती घरं पाहिली म्हणून सांगू. महिनोन् महिने आडवी पडलेली माणसं माझ्यावर बसून गॅलरीत आली आणि रडली. घरच्यांनी माझं भारी कौतुक केलं. ते आठवडाभर टिकलं. मग माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले, एका घरात तर कुरडया वाळत घातल्या. परत करताना मला पुसायचंही कोणाला सुचत नाही. असो, तुमच्याकडून फार अपेक्षा नाही.

तेव्हा लोक फोन करायचे. "कोणासाठी हवी? कधी हवी? कुठे पोचवू?" बाई एवढंच विचारायच्या आणि मी निघायचे.

मग बाईंचा भाचा शौनक दुकानात आला. लॅपटॉप टेबलावर आणि पाय माझ्यावर ठेवून त्याने दुकानाची वेबसाइट बनवायला घेतली.

"मावशी, फोन कोण करतं आता? लोकांना घरबसल्या बुकिंग पाहिजे."

"असेल रे. पण म्हाताऱ्या माणसांना जमेल ना?"

"एकदम सोपी आहे. कोणीही करेल."

कोणीही म्हणजे शौनक. दुसऱ्या कोणाच्या हातात त्याने ती कधी दिलीच नाही. सुट्टीतल्या बंगल्यांसाठी तयार मिळणारी एक साइट त्याने उचलली आणि बंगल्यांच्या जागी आमचे फोटो चिकटवले. अक्षरं मुंगीएवढी, तीही पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगात, कारण ते म्हणे क्लासी दिसतं. मला भाड्याने घ्यायचं तर पहिला प्रश्न, पाहुणे किती? दुसरा, समुद्राकडची हवी की बागेकडची? मी लोखंडाची आहे, तरी मला लाज वाटली. बाईंचा नंबर त्याने साइटवर टाकलाच नाही, जुनाट दिसतो म्हणे. दुकानाच्या पाटीवरचा नंबरही रंग फासून घालवला. दिवे लावले ते असे.

गोराईच्या पेट्रिशियाबाईंच्या मुलीचं, नादियाचं, लग्न ठरलं होतं. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जातात आणि वाजतगाजत पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. नादियाचे आजोबा सेबॅस्टियन यांना आता चालता येत नव्हतं. नातीच्या पाण्याला विहिरीवर जायचंच, एवढा एक हट्ट त्यांनी धरला होता. उचलून नेतो म्हटलं तर म्हणायचे, "मी काय पोतं आहे?" हा माणूस मला आवडला.

पेट्रिशियाबाईंनी वेबसाइटवर मला बुक केलं. पाहुणे एक, समुद्राकडची. पडद्यावर उमटलं, 'धन्यवाद, आम्ही आपल्या स्वागतास उत्सुक आहोत.' पेट्रिशियाबाईंना वाटलं, झालं काम. पण त्याखाली फिक्या करड्या रंगात आणखी एक बटण होतं. ते दाबल्याशिवाय आमच्याकडे काहीच पोचत नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी पेट्रिशियाबाईंचा नवरा नेव्हिल घामाघूम होऊन दुकानात शिरला.

"खुर्ची कुठाय? सासरे सूट घालून बसलेत. बँडला पुढे दुसरीकडे जायचंय, ते थांबायला तयार नाहीत. आणि नंबर तरी लिहायचा ना कुठेतरी."

शौनकने शांतपणे लॅपटॉप उघडला. "तुमचं बुकिंग सिस्टीममध्ये दिसत नाहीये."

"ते राहू दे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "खुर्ची उचल आणि जा यांच्याबरोबर."

शौनकने मला रिक्षात कोंबलं, फेरीबोटीवर चढवलं आणि उतरल्यावर ढकलत नेलं. डावं चाक सारखं अडकत होतं. शौनकची वाट लागली होती आणि मला फार बरं वाटत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मिरवणूक निघून गेली होती. ओट्यावर सेबॅस्टियन एकटेच बसले होते. ते नेव्हिलच्या आधाराने माझ्यावर बसले. मग शौनक पळाला, खडीतून, खड्ड्यांतून, बँडच्या आवाजाच्या दिशेने. विहिरीपाशी नादियाने आम्हाला पाहिलं आणि बायकांना म्हणाली, "थांबा गं, ग्रँपा आला." पहिल्या कळशीला म्हाताऱ्याचा हात लागला, मगच ती विहिरीत सोडली. मी अजिबात कुरकुरले नाही.

घरी परतल्यावर सेबॅस्टियननी मुलीचा फोन मागून घेतला आणि शौनकला समोर बसवलं. "साइट तू बनवलीस ना? आता मी खुर्ची बुक करतो. तू नुसता बघ. बोलायचं नाही."

त्यांचा अंगठा थरथरत होता. एक दाबायला जावं तर भलतंच उघडायचं. फोन डोळ्यांजवळ, मग लांब, मग परत जवळ. "पाहुणे किती," त्यांनी मोठ्याने वाचलं. मांडवातली पोरं हसली. शौनकचा हात आपोआप पुढे गेला. म्हाताऱ्याने फोन मागे घेतला.

"प्रत्येकाच्या घरी येणार आहेस का तू, बोट धरायला?"

शौनकने हात मागे घेतला आणि म्हातारा कुठे कुठे अडतोय ते बघत बसला.

आता साइटवर तीनच प्रश्न आहेत, कोणासाठी, कधी, कुठे. अक्षरं काळी आणि ठळक, बटण रुंद, आणि सगळ्यात वर बाईंचा नंबर. म्हणजे बाई फोनवर जे विचारायच्या तेच. शौनक मात्र मित्रांना सांगत फिरतो की ही कल्पना त्याची. सांगू दे. माझ्यावर पाय ठेवणं त्याने बंद केलं आहे, तेवढं पुरे.

तर मित्रांनो, भाड्याने आणलेली वस्तू पुसून परत करत जा. आणि मोठेपणी दुसऱ्यासाठी काही बनवलंत, तर आधी त्याच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. माझ्यावर उपकार म्हणून नको. आज तुम्ही उड्या मारताय, पण कधीतरी तुम्हीही माझ्यावर येऊन बसाल. तेव्हा अंगठा तुमचा थरथरेल, आणि समोरचं बटण तुमच्यासारख्याच कोणीतरी बनवलेलं असेल.