एकाच तुकड्यातला ब्रिज

भावाच्या दवाखान्यामागच्या खोलीत ताई एकवीस वर्षं दात घडवत होती. पुढे पाटीवर भावाचं नाव. मागे भट्टी, प्लास्टरची धूळ आणि ती. पेशंटसमोर भाऊ तिला 'आमची लॅब' म्हणायचा, ती त्याला 'डॉक्टर'. दोघांपैकी एकालाच दंतवैद्यक शिकवायचं असं बाबांनी ठरवलं, तेव्हा ताईने हूं की चूं केलं नव्हतं.

बाबांच्या खालच्या दोन दाढा गेल्या, तेव्हा भावाने मागच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा धातूचा खुंट, बसवला. मधल्या रिकाम्या जागेसाठी तो इम्प्लांट पुढच्या खऱ्या दाताला जोडून एकसंध ब्रिज करायचा, असं त्याने ठरवलं. ताईने मापावरून साचा ओतला, दोन दिवस तो उलटसुलट करून पाहिला आणि पेशंट नसताना पुढच्या खोलीत गेली.

तिने भावाला समजावून सांगितलं. खरा दात हाडात गच्च रुतलेला नसतो. चावताना तो केसभर दबतो आणि परत वर येतो. इम्प्लांट हाडाशी एकजीव झालेला, तो जागचा हलत नाही. दोघांना एकत्र जखडलं की सगळा ताण इम्प्लांटच्या मानेशी जाणार, आणि दाताच्या बाजूचं सिमेंट आज ना उद्या सुटणार. त्यापेक्षा मध्ये आणखी एक इम्प्लांट घाल, चांगल्या दाताला हात लावू नकोस, असं तिचं म्हणणं होतं.

भावाला दोन महिन्यांनी परिषदेत याच पद्धतीवर बोलायचं होतं. त्यासाठी बाबांच्या दातांचे फोटोही काढून झाले होते.

"असे ब्रिज टिकतातही, ताई," तो म्हणाला. "तू फक्त घडव. विचार करायला मी आहे."

ताईने घडवला. जीव ओतून घडवला. बसवताना कुठे घासावासुद्धा लागला नाही. भाषणाला टाळ्या पडल्या म्हणे.

दीड वर्षाने बाबांच्या तोंडाला वास येऊ लागला. भावाने ब्रिज काढला, तेव्हा नर्स रजेवर असल्यामुळे ट्रे धरून ताईच उभी होती. सिमेंट कधीच सुटलं होतं. आतला दात काळा पडून लोण्यासारखा मऊ झालेला, आणि एक्स-रेमध्ये इम्प्लांटभोवतीचं हाड अर्धं झिजलेलं. दात आणि इम्प्लांट, दोन्ही काढावे लागणार होते.

काय झालं, असं बाबांनी खुणेने विचारलं.

"लॅबमध्ये जरा चूक झाली, बाबा," भाऊ हातमोजे उतरवत म्हणाला. ताईकडे त्याने पाहिलं नाही.

बाबांनी मात्र पाहिलं. रागावले असते तरी चाललं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, तिच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती अशी.

ते बाहेर गेल्यावर ताईने भावाला जाब विचारला.

"पेशंटसमोर दुसरं काय बोलणार होतो?"

"ते पेशंट नव्हते. बाबा होते."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने बाबांसमोर खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं: साचा, ताण, सिमेंट, परिषद. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला हे आधीच माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी माझ्या तोंडात बसू दिलास?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने बाबांसमोर तोंड उघडलं होतं, आणि त्याचं हे फळ. डॉक्टरची चूक बाबा माफ करू शकत होते. तिने जाणूनबुजून केलं, ते कसं माफ करणार? बाबांचा प्रश्न खरा होता.

जखम भरल्यावर बाबांनी काढघालीची अर्धी कवळी करून घेतली. ती दुसऱ्या लॅबमधून आली, बाबांनीच तसं सांगितलं होतं. कवळी एका बाजूला उंच आहे, हे ताईला पहिल्याच जेवणात दिसलं. बाबांचा जबडा घास चावताना तिरका सरकत होता. या वेळी ती गप्प बसली नाही. कवळी उंच बसलीय, थोडी घासायला हवी, पाच मिनिटांचं काम आहे, असं तिने सांगितलं.

बाबांनी पाण्याचा घोट घेतला.

"डॉक्टरांना विचारतो," ते म्हणाले.