चांगल्या शाळेची शिक्षा

शिक्षिका व्हर्लीन ओक्सने मायक्रोफोनचं बटण दाबलं आणि शेजारी बसलेल्या जेसामिनकडे बघायचं टाळलं.

पडद्यावर सुटकेची सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीश बाई. खालच्या चौकोनात जेसामिनची आई, गाडीतच बसलेली, डोक्यावर कोंबड्यांच्या कारखान्यातली जाळीची टोपी. व्हर्लीनच्या मागच्या खुर्चीत मुख्याध्यापक बॉलिंजर. सुधारगृहातली ही शाळा राज्याने त्यांच्या संस्थेला चार्टरवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, चालवायला दिली होती. करार संपत आला होता, आणि आज व्हर्लीनने शाळेचे गोडवे गावेत म्हणून ते मुद्दाम येऊन बसले होते.

सकाळी, नाश्त्याच्या रांगेत, जेसामिन:

"मिस, आज माझं कौतुक करू नका."

"डोक्यावर पडलीस का गं?"

"डोरिंडाचं केलंत ना? एवढी छान शिकतेय, तर डिप्लोमा होईपर्यंत राहू दे तिथंच, म्हणाल्या जजबाई. बसलीये अजून. तुम्ही कौतुक केलं की कुलूप लागतं, मिस."

व्हर्लीन हसली नाही. "बरं," एवढंच म्हणाली.

आणि आत्ता:

"मिस ओक्स, मुलीची प्रगती कशी आहे?"

"काही नाही, बाईसाहेब."

मागे बॉलिंजरांच्या पेनची टकटक थांबली.

"म्हणजे?"

"अपूर्णांक बोटांवर मोजते."

(पूर्वी मोजायची. आता शेजारणीला शिकवते.)

"वाचायला दिलं की झोपते."

(पुस्तक उशीखाली लपवते, म्हणून पहारेकऱ्यांची बोलणी खाते.)

"पण फायलीतला तो नदीवरचा निबंध? मला तर बरा वाटला."

व्हर्लीन थेट कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "तो अर्धाअधिक मीच लिहिलाय."

(एक स्वल्पविरामसुद्धा नाही.)

जेसामिनने शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "मग तिला तिथं ठेवून काय साधणार? घरी जाऊ दे. घोट्याला पाळतीचा पट्टा राहील, आणि गावातल्या शाळेत रोज जायचं."

आईने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न वाजला, वाजतच राहिला.

पडदा काळा झाल्यावर बॉलिंजर उठले.

"झालं समाधान? उद्या चार्टर गेला तर बाकीच्या पोरींना कोण शिकवणार, ओक्स? तुझा काका?"

व्हर्लीनने समोरचे कागद गोळा केले. बाकीच्या पोरी भिंतीपलीकडे, तिच्याच वर्गात, तिची वाट बघत होत्या.

बाहेर पहारेकरी दाराचं कुलूप काढत होता. व्हर्लीनने हात पुढे केला. जेसामिनने तो धरला नाही.

"सुटलीस ना गं?"

"सुटले."

"तूच म्हणाली होतीस."

"हो, मीच म्हणाले होते." जेसामिन उघड्या दारात थांबली. "ते सगळं बोलताना निदान एकदा तरी अडखळायचं होतंत, मिस."