कुठंतरी पाहिलेला माणूस

“ह्याला कुठंतरी पाहिलंय मी,” स्वयंपाकघरातून बाहेर येत बायको हळूच म्हणाली. “मला काही बरा वाटत नाही हा. तुम्ही तिथंच उभे राहा जरा.”

प्लंबर सिंकखाली आडवा होऊन पाइप सोडवत होता. पान्हा घ्यायला त्यानं मान वळवली आणि मधोमध तुटलेली डावी भुवई दिसली. मी त्याला लगेच ओळखलं.

मी बातम्यांच्या वाहिनीत जुनी दृश्यं सांभाळतो. चोरीची बातमी आली आणि चित्रीकरण नसलं, की वरून हाक येते, “काहीतरी लाव रे.” सात वर्षांपूर्वी पाणीटंचाईच्या बातमीसाठी कुणीतरी नाल्यापलीकडची वस्ती टिपली होती. त्यात हा भिंतीला टेकून कॅमेऱ्याकडे रोखून बघतो. नऊ सेकंद. चोरीच्या बातमीला ते अगदी चपखल बसायचं. मी ते सतत लावत आलो.

“कुठं राहता?” माहीत असून मी विचारलं.

“नाल्यापलीकडं होतो, साहेब. तिथला पत्ता सांगितला की कुणी काम देईना. आता बहिणीकडं असतो.” तो कसनुसा हसला. “तरी लोकांना वाटतंच, ह्याला कुठंतरी पाहिलंय. आधी आई भांडायची त्यांच्याशी. आता तीच म्हणते, तुझं तोंडच तसलं.”

“टीव्हीवर कधी...” माझ्या तोंडून निघालं.

“टीव्ही कुठला बघतो, साहेब? वेळच नसतो.”

मी विषय तिथंच सोडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी ते नऊ सेकंद पुसले, पण त्याच्याशी बोलायची वेळ हीच होती.

नळ सोडून त्यानं गळती थांबल्याचं दाखवलं. निघताना दारात थांबला. कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी पिशवी खाली ठेवून त्यानं पान्हे, वॉशर, फडकं बाजूला सारलं आणि तळ दाखवला. मग खिसे उलटे केले.

“बघून घ्या, वहिनी. मागाहून शंका नको.”

“अहो, कशाला ते,” म्हणत बायको ओशाळून आत गेली.

मी मात्र वाकून पिशवीत बघत राहिलो. त्याच्या तोंडाकडं बघण्यापेक्षा ते सोपं होतं. माझं बघून होईपर्यंत तो दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडं धरून उभा होता.