काचेची पेटी

"अपा, मागे व्हा. आत जायचं नाही, हुकूम आहे," फाटकावरचा शिपाई एल्दियार बंदूक सावरत म्हणाला.

"हुकूम तुझ्या कॅप्टनला सांग. मला बाळाची पेटी दे," बुरुल म्हणाली. चढ चढून तिला धाप लागली होती. "सोनुनच्या सुनेला दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्यात, आणि घाट बर्फाने बंद आहे. पोर येईल ते मुठीएवढं येईल. त्याला ऊब नको?"

एल्दियारने मान खाली घातली. त्याच्या पाठीमागची निळ्या दारांची इमारत म्हणजे गावाचं जुनं प्रसूतिगृह. बुरुलने सुईण म्हणून उभा जन्म तिथे काढला होता. किरगिझ घरात नाळ कापणारी ती दुसरी आई, म्हणून सगळे तिला अपा, म्हणजे आई, म्हणायचे. पोर लग्नाचं झालं तरी पहिला नमस्कार तिला. बुरुलला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला; पण या उसन्या लेकरांनी तिचं घर गजबजलेलं असायचं.

मग सरहद्दीवर गोळीबार झाला, खालच्या आळीतली घरं जळाली. आधी सरहद्द, मग बाकीचं, असं सरकारने जाहीर केलं. सभेत टाळ्या पडल्या. बुरुलनेही वाजवल्या, भीती तिलाही होतीच. दवाखान्यांचा पैसा फौजेकडे वळला, प्रसूतिगृहाला टाळं लागलं आणि तिथे चौकी आली. गावाला ड्रोन मिळाले आणि बायकांना घाटापलीकडचं इस्पितळ. बर्फ पडला की घाट बंद. तेव्हापासून नवं लेकरू बुरुलच्या वाट्याला आलंच नाही. सणाला ती एकटीपुरतेच कणकेचे बोरसोक तळायची, आणि तेही उरायचे.

"पेटीत बॅटऱ्या आहेत, अपा," एल्दियार हळूच म्हणाला. "ड्रोनच्या. गारठल्या की ते उडत नाहीत."

"बाळाच्या पेटीत?"

"तीच एक नीट तापते."

बुरुल त्याच्याकडे बघतच राहिली. "लेका, सातव्या महिन्यात टपकला होतास तू. तळहातावर मावायचास माझ्या. त्याच पेटीत निजून एवढा घोडा झालास, आणि आज मलाच दारात अडवतोस?"

त्याचे कान लाल झाले. "वायरलेसवर विचारतो. थांबा जरा."

थांबायला वेळ कुणाला होता? ती तशीच माघारी पळाली.

सोनुनच्या घरात चूल धडधडत होती. तिची सून नुरिला ओठ चावत पडली होती.

"काय म्हणाले?" सोनुनने विचारलं.

"विचारतायत."

"त्या उडत्या भुंग्यालाच धाडा म्हणावं बाळंतपण करायला!" सोनुन म्हणाली आणि रडायलाच लागली.

मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. बुरुलने नाळ कापली. नुरिला ग्लानीत होती, म्हणून बुरुलने पोरीला आपल्याच उघड्या छातीशी धरलं आणि वरून मेंढीच्या कातड्याचा कोट ओढला. गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, पाठ चोळली, येत होतं ते सगळं केलं. इवलासा श्वास तिच्या कातडीला लागत होता. मग लागेनासा झाला. तरी ती धरूनच बसली.

दार धाडकन उघडलं. एल्दियार आत आला, पेटी पोटाशी कवटाळून. डोक्यावर टोपी नव्हती, केसांत बर्फ होता.

"परवानगी नाही आली," तो म्हणाला. "मीच काढल्या बॅटऱ्या. गरम आहे अजून, बघा ना हात लावून."

बुरुलने कोटाची कड जराशी बाजूला केली. तेव्हा त्याला कळलं.

सोनुन उठली. नाळ कापणारीच्या मानाचा म्हणून आणून ठेवलेला पांढरा रुमाल तिने पेटाऱ्यातून काढला आणि बुरुलच्या डोक्याला बांधायला घेतला.

"नको गं," बुरुल म्हणाली. "आता कशाला?"

"असू दे. नाळ तूच कापलीस ना? आली होती ती, बुरुल. आपल्या घरी आली होती."

बुरुलने पोरीला आईच्या कुशीत ठेवलं. मग पेटीच्या काचेला हात लावला. खरंच ऊब होती. एका बाळाला पुरली असती.

"घेऊन जा, बाळा," ती एल्दियारला म्हणाली. "तुझ्या बॅटऱ्या गारठतील."